इंग्रजी येतं, पण शब्द तेच ते! पुढची शब्दसंपदा कशी वाढवायची?

मृण्मयी_एल

नमस्कार मंडळी. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण लातूरला मराठी माध्यमात झालं, मग डिप्लोमा-डिग्री पुण्यात, आता एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. इंग्रजीची भीती वगैरे अजिबात नाही. मेल लिहिते, मीटिंगमध्ये बोलते, पेपर वाचते, सबटायटल न लावता सिरीज कळते. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. लिहायला बसलं की गुड, बिग, प्रॉब्लेम, इम्पॉर्टंट, व्हेरी, इंक्रीज, डिक्रीज एवढ्यावरच सगळा रिपोर्ट उभा राहतो. दुसऱ्याचं वाचताना छान छान शब्द दिसतात, अर्थही कळतो, पण स्वतः लिहिताना त्यातला एकही वेळेवर आठवत नाही.

याद्या पाठ करून झाल्या, रोज दहा नवीन शब्द वगैरे. आठवड्याभरात निम्मे उडून जातात आणि जे राहतात ते वापरायला जागा सापडत नाही. 'ऑब्स्ट्रेपरस' (दंगेखोर) हा शब्द मी रबर सीलच्या रिपोर्टमध्ये कुठे घालू?

तर ज्यांनी ही पायरी ओलांडलीय त्यांनी नक्की काय केलं ते सांगा. "इंग्रजी पेपर वाच आणि पिक्चर बघ" एवढंच सांगू नका प्लीज, ते चालूच आहे.

केदार_के

याद्यांना एवढ्यात मोडीत काढू नकोस. जीआरईचा, म्हणजे परदेशातल्या उच्चशिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास करणाऱ्यांची अर्धी शब्दसंपदा याद्यांवरच तयार झालेली असते आणि ती पुढे आयुष्यभर पुरते. फक्त यादी कशी वापरायची ते महत्त्वाचं. आधी त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजी असायच्या, म्हणून लोक नुसते अर्थ घोकायचे. ऑगस्ट २०११ मध्ये ते दोन्ही प्रकार काढून टाकले, आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते, म्हणजे शब्द वाक्यात ओळखता आला पाहिजे.

माझा सल्ला, एबीसीडीच्या क्रमाने पाठ करू नकोस, मुळांप्रमाणे लाव. 'स्पेक्ट' म्हणजे बघणं. मग इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, सर्कमस्पेक्ट, सगळे एका माळेत येतात. 'लोक्व' म्हणजे बोलणं, त्यातून एलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी. लॅटिन-ग्रीकची शे-दीडशे मुळं आणि प्रत्यय ओळखीचे झाले की कधीही न पाहिलेल्या शब्दाचाही अंदाज बांधता येतो.

घाटमाथा

मुळांना +१, पण डोळे झाकून नको हां. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'इन' म्हणजे 'नाही' असं धरून शेजारी बिडी पेटवली तर पुढचा शब्द शिकायची गरजच राहणार नाही. 'इनव्हॅल्युएबल'चंही तसंच, बिनकिमतीचं नव्हे तर अनमोल.

केदार_के

हाहा, मान्य. मुळावरून अंदाज करायचा, खात्री डिक्शनरीत करायची.

मिरजेचे_मास्तर

मृण्मयीताई, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

शब्द 'माहीत असणं' हे एकच काम नाही. वाचताना ओळखता येणं वेगळं आणि लिहिताना सुचणं वेगळं. तुमची ओळख मोठी आहे, वापर छोटा आहे. अशा माणसाने आणखी नवे शब्द गोळा करण्याआधी ओळखीचे शब्द कामाला लावावेत.

आता आपल्या भाषेकडे बघा. पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, ऊन रणरणतं, काळोख मिट्ट आणि प्रकाश लख्ख. 'मुसळधार ऊन' म्हटलं तर शाळेतलं पोरही हसेल. हे कोणी आपल्याला शिकवलं नाही, शब्द जोडीनेच कानावर पडले. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्रॉंग', उलटं चालत नाही. याला कोलोकेशन म्हणतात. आपण मराठी माध्यमातले लोक इंग्रजी शब्द सुटे सुटे शिकलो, समोर मराठी अर्थ लिहून. त्यामुळे शब्द आहे पण त्याचे सोबती माहीत नाहीत, म्हणून हात बिचकतो आणि माणूस परत 'व्हेरी बिग प्रॉब्लेम'वर येतो.

तेव्हा तुमचाच 'प्रॉब्लेम' घ्या. वहीचं एक पान त्याला द्या. प्रॉब्लेम कसा असतो? पर्सिस्टंट, रिकरिंग, अंडरलाइंग, मायनर. प्रॉब्लेमचं काय करतात? अॅड्रेस करतात, टॅकल करतात, सॉल्व्ह करतात. तो काय करतो? अराइज होतो, पर्सिस्ट करतो, एखाद्या गोष्टीतून स्टेम करतो. यातला एकही शब्द तुम्हाला नवा नसेल, पण जोडी नवी असेल. अशी पानं 'इश्यू', 'डिमांड', 'रिस्क', 'डिले', 'इव्हिडन्स' यांची करा. तुमच्या कामात रोज लागणारी वीस-पंचवीस नामं पुरेत.

टर्मिनलवाला

मास्तर, एक नंबर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

सदाशिवपेठी_उमेदवार

मी स्पर्धा परीक्षेवाला. आमच्याकडे टेलिग्रामवर रोज सकाळी अग्रलेखातल्या वीस शब्दांची पीडीएफ येते, समोर हिंदी अर्थ. अभ्यासिकेत निम्मे लोक ती प्रिंट काढून भिंतीला चिकटवतात. मला त्याचा फायदा झाला नाही कारण शब्द आज येतो आणि परत महिनाभर भेटतच नाही.

मग एका सिनियरने सांगितलं की रोज वेगळा विषय वाचण्यापेक्षा एकाच विषयावरचं सलग वाच. उदा. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चार-पाच इंग्रजी पेपरचे अग्रलेख त्याच एका गोष्टीवर असतात. एकाच दमात ते सगळे वाचायचे. हॉकिश, अकोमोडेटिव्ह स्टान्स, इन्फ्लेशनरी प्रेशर, प्रूडंट, हेडविंड्स, रेट कट, लिक्विडिटी हे शब्द प्रत्येकात फिरून फिरून येतात, दरवेळी थोड्या वेगळ्या वाक्यात. चौथ्या लेखापर्यंत डिक्शनरी उघडावी लागत नाही. आणि पुढच्या बैठकीला तेच शब्द परत भेटायला येतात. मग बजेट, मग पावसाळा आणि शेती, मग एखादा मोठा कोर्टाचा निकाल असं करत गेलो.

मिरजेचे_मास्तर

हे फारच उत्तम सांगितलंत. याला नॅरो रीडिंग म्हणतात, भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी १९८१ साली याचा पुरस्कार केला होता. आपल्याकडे मुलांना उलटं सांगतात, "सगळं वाच, विविध वाच". विविध नंतर वाचावं. शब्द पक्का व्हायला तो थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा भेटावा लागतो आणि ती सोय एकाच विषयात आपोआप होते. एकाच लेखकाच्या चार-पाच कादंबऱ्या ओळीने वाचल्या तरी तोच फायदा.

शुभांगी_यूके

मी कोल्हापूरची, नर्स आहे, सध्या लीड्सला. ॲडव्हान्स्ड म्हटलं की सगळे मोठ्या शब्दांकडेच का धावतात काय माहीत. माझा अनुभव बरोबर उलटा आहे म्हणून लिहायला घेतलं.

इथे यायला आयईएल्टीएस किंवा ओईटी (वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) द्यावी लागते. ओईटीत पेशंटबद्दलचं पत्र लिहावं लागतं, त्याची तयारी झाली की वैद्यकीय शब्दांचा प्रश्नच नसतो, ते सगळे पुस्तकातले. पण वॉर्डात आजीबाई 'व्हॉमिटिंग' म्हणत नाहीत, 'थ्रोइंग अप' म्हणतात. आजारी वाटलं तर 'पूर्ली', जेवण जात नसेल तर 'ऑफ माय फूड', चक्कर येऊन गेली तर 'अ फनी टर्न'. बाथरूमला जायचं असेल तर जुनी माणसं 'स्पेंड अ पेनी' म्हणतात. आता 'स्पेंड', 'टर्न', 'ऑफ' हे सगळे पाचवीतले शब्द. पण हे न कळणं पेशंटच्या जिवावर बेतू शकतं, 'लोक्वेशस' न कळल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

पुट आणि टेक या दोनच क्रियापदांवर मी पानंच्या पानं भरलीत. पुट अप विथ, पुट ऑफ, पुट डाउन टू, टेक आफ्टर, टेक टू, टेक ऑन. मृण्मयी, तुझ्या रिपोर्टमध्येही हे लागतील. 'फॉल शॉर्ट', 'रूल आउट', 'सेट बॅक', 'फेज आउट' हे अस्सल ऑफिसचेच शब्द आहेत.

घाटमाथा

स्पेंड अ पेनी भारी आहे, आमच्या आजोबांनी लगेच बंडीच्या खिशातून सुट्टे काढून दिले असते.

शुभांगी_यूके

अरे पूर्वी इथल्या सार्वजनिक टॉयलेटच्या दाराला एक पेनीचं नाणं टाकून उघडायचं कुलूप असायचं, त्यावरूनच आलंय ते. म्हणजे आजोबा बरोबरच ठरले असते :)

टर्मिनलवाला

आता माझा आवडता विषय. "आठवड्याभरात निम्मे उडून जातात" हे मृण्मयीचं वाक्य वाचून राहवलं नाही. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. उपायही तिथेच आहे, विसरायच्या बेतात असताना उजळणी करायची आणि दरवेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं. सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये हेच कार्ड आणि खोक्यांनी करायची पद्धत लोकांसमोर आणली. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की पहिल्या खोक्यात परत. तेच काम आता अँकी हे ॲप करतं. कंप्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर विकत.

पण महत्त्वाची गोष्ट, दुसऱ्याने केलेला पाच हजार शब्दांचा गठ्ठा डाउनलोड करायचा नाही. सगळे तेच करतात, चार दिवसांत उजळणीचा ढीग साचतो आणि ॲप डिलीट होतं. आपण वाचलेलं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं आणि त्यातला हवा तो शब्द गाळायचा. कार्डाच्या पुढच्या बाजूला 'द डिले वॉज पार्टली टिंबटिंब टू बॅड वेदर', मागे 'ॲट्रिब्युटेबल'. म्हणजे मास्तर म्हणतात ती जोडीही त्यातच पाठ होते. दिवसाला चार-पाचच्या वर नवी कार्डं करू नये.

रेवती_ना

कार्डावर मराठी अर्थ लिहायचा की इंग्रजी? आमच्या क्लासच्या सरांनी मराठी अर्थाला सक्त मनाई केली होती, इंग्रजीतच विचार करा म्हणून.

केदार_के

मी तर फक्त इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी वापरायचो. मराठी अर्थ लिहिला की डोकं भाषांतराच्या फेऱ्यात अडकतं.

रेवती_ना

पण इंग्रजी व्याख्येतलाच शब्द अडला तर परत त्याचा अर्थ बघायचा, मग त्याचा, अर्धा तास त्यातच जातो आणि मूळ काय वाचत होतो तेच राहून जातं.

मिरजेचे_मास्तर

केदार, इथे मी रेवतीताईंच्या बाजूने. शब्दसंपदेच्या अभ्यासात न्यूझीलंडच्या पॉल नेशन यांचं नाव आदराने घेतात आणि मातृभाषेतला अर्थ ही पहिल्या भेटीसाठी जलद आणि खात्रीची वाट आहे असंच त्यांचंही म्हणणं. 'रिलक्टंट' म्हणजे 'नाखूश, मनातून तयार नसलेला' हे दोन सेकंदांत कळतं, त्यासाठी दोन ओळींची इंग्रजी व्याख्या कशाला? मात्र तिथे थांबायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला इंग्रजी व्याख्या आणि वाक्यं बघायची, कारण छटा तिथे कळतात.

आणि व्याख्येतलाच शब्द अडण्याचा त्रास शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीत होत नाही. तिच्या व्याख्या दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. कोणतं क्रियापद कोणत्या रचनेत चालतं हे जपानी विद्यार्थ्यांना सामान्य डिक्शनरीत मिळत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९४२ मध्ये टोकियोत त्यांचा कोश छापला गेला. ऑक्सफर्डने तोच १९४८ मध्ये आणला आणि आज आपण ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी म्हणतो ती ही. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने कोबिल्ड काढली, तिच्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेले असतात. घरात इंग्रजांच्या मुलांसाठीचा जाडजूड कोश असेल तर तो राहू द्या, पण शिकण्यासाठी लर्नर्स डिक्शनरीच उघडा. ऑनलाइन फुकट आहेत.

वऱ्हाडी_वकील

मास्तर, एक भर घालतो. मी नागपूरले वकिली करून राहिलो. आमच्या ड्राफ्टिंगमध्ये एका अर्थाचे दोन दोन शब्द जोडीनं येतात. नल अँड व्हॉइड, विल अँड टेस्टामेंट, सीझ अँड डिझिस्ट. ज्युनिअर असताना वाटायचं का हे कशाले बा, एकात काम नाही भागत? मग सिनियरनं समजावलं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग दरबारात न् कोर्टात फ्रेंच आली, लिखापढीत लॅटिन होतीच, लोक बोलत इंग्रजी. कोणाले कोणता शब्द समजेल याचा भरवसा नाही म्हणून दोन्ही लिहायची रीत पडली.

म्हणून इंग्रजीत एका गोष्टीले दोन-तीन थर असतात. बाय आणि पर्चेस, स्टार्ट आणि कमेन्स, हेल्प आणि असिस्ट, आस्क आणि इन्क्वायर. पहिला घरचा, दुसरा फ्रेंच-लॅटिनचा.

मृण्मयी_एल

अरे हे तर आपल्या तद्भव-तत्समसारखंच झालं की! विचारणं आणि पृच्छा करणं, घर आणि निवासस्थान. सरकारी पत्रात 'पृच्छा' चालतं, पण घरी आईला "जेवणाबाबत पृच्छा करतो" म्हटलं तर ती लाटणं घेऊन येईल.

वऱ्हाडी_वकील

अगदी तेच ताई! मराठीत तुमच्या कानाले कळते का कोणता शब्द कुठे बसते. इंग्रजीत तो कान तयार करायचा. अर्जात कमेन्स, मित्राले स्टार्ट. आपले लोक मोठा शब्द दिसला का कुठंही लावतात, म्हणून मेल वाचून वाटते का समन्सच आलं.

केदार_के

मान्य, पण मोठे शब्द सरसकट बाद करू नका यार. मिटिगेट, एग्झॅसरबेट, डिस्क्रिपन्सी, कॉन्टिंजन्सी हे सगळे जीआरईच्या यादीतलेच आहेत आणि मृण्मयीच्या क्वालिटी रिपोर्टमध्ये रोज लागतील. 'डिस्क्रिपन्सी'ला सोपा पर्याय सांगा बघू एका शब्दात. ऑब्स्ट्रेपरस सोडून दे, पण यादीतले कामाचे वेचून तर घे.

रेवती_ना

पण वेचायचे कसे? कोणता कामाचा हे आधी कसं कळणार?

मिरजेचे_मास्तर

केदारचा मुद्दा रास्त आहे आणि रेवतीताईंच्या प्रश्नाला उत्तरही आहे. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्याला होते. बंगाली मुलांना कोणते शब्द आधी शिकवावेत यावर त्यांनी तिथे काम केलं आणि पुढे १९५३ मध्ये सुमारे २००० शब्दांची जनरल सर्व्हिस लिस्ट प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द तिच्यातलेच असतात. म्हणजे पहिल्या दोन हजारांतच मोठं काम होतं आणि ते तुम्हा सर्वांचं झालेलं आहे.

पुढची यादी वेलिंग्टनच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांची, २००० सालची, ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट. त्यात ५७० शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं, आहेत. ॲनालिसिस, अप्रोच, कन्सिस्टंट, सिग्निफिकंट, सब्सिक्वेंट, कॉन्स्ट्रेंट, मेंटेन असे. अभ्यासाच्या, रिपोर्टच्या मजकुरातला साधारण दहावा भाग हे शब्द व्यापतात. मृण्मयीताई, तुमची नेमकी हीच पट्टी कच्ची आहे. यादी पाठ करू नका, नुसती समोर ठेवून बघा की यातले किती शब्द आपण स्वतःहून लिहितो. जे ओळखतो पण लिहीत नाही त्यावर पेन्सिलने खूण करा.

यानंतरचे शब्द विरळ होत जातात. कादंबरी किंवा वर्तमानपत्रातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात असा नेशन यांचा २००६ चा अंदाज आहे. तो पल्ला यादीने गाठता येत नाही, तिथे वाचनच लागतं.

घाटमाथा

मग थिसॉरस? 'गुड'ला वीस समानार्थी शब्द एका जागी मिळतात की.

टर्मिनलवाला

ते शिकताना करू नये. एका अर्थाचे शब्द एकदम पाठ केले की एकमेकांत मिसळतात. टिंकहॅम नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये यावर प्रयोग केले होते, अर्थाने जवळचे शब्द एका गटात दिले तर शिकायला जास्त वेळ लागतो. आणि थिसॉरस 'स्लिम' आणि 'स्किनी' शेजारी ठेवतो, एकाने माणूस खूश होतो आणि दुसऱ्याने रागावतो.

ओळखीचा शब्द विसरलाय आणि आठवायचाय तेव्हा थिसॉरस बेस्ट. आणि नवी जोडी बरोबर आहे का शंका आली तर कॉर्पसमध्ये, म्हणजे खऱ्या लिखाण-बोलण्यातल्या मजकुराच्या साठ्यात, शोधा. मार्क डेव्हिस यांनी २००८ मध्ये खुला केलेला समकालीन अमेरिकन इंग्रजीचा कॉर्पस आहे, एक अब्जाहून जास्त शब्दांचा, लोक त्याला कोका म्हणतात. नाम टाकायचं आणि त्याच्या आधी कोणती विशेषणं येतात ते बघायचं. चॅटजीपीटीला विचारलं तरी उदाहरणं मिळतात, पण त्याच्याकडून पूर्ण मेलच लिहून घेतला तर मृण्मयीचे शब्द वाढणार नाहीत, त्याचेच वापरले जाणार.

सातारकर_७७

एक विचारतो, आपण इथे मराठी माध्यमालाच दोष देतोय का? माझी पोरं इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांचंही 'लाइक' आणि 'ऑसम'च्या पुढे जात नाही.

रेवती_ना

माध्यमाचा दोष नाहीच. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून असायचं. पाचवीपासून शिकलेले लोक आज उत्तम लिहितात. ज्याने मराठी भरपूर वाचलंय त्याला इंग्रजीतली छटा पण लवकर सापडते, वर तद्भव-तत्समचं झालंच की.

सातारकर_७७

हे पटलं. पोरांना मराठी पुस्तकं पण आणून देतो.

घाटमाथा

उच्चारांचं पण बोला ना कोणीतरी. वाचून शिकलेले शब्द बोलायची वेळ आली की गोची होते. 'इपिटमी'ला सगळे एपिटोम म्हणतात, 'हायपर्बली'ला हायपरबोल.

वऱ्हाडी_वकील

आमच्याकडे 'इंडाइट'ले इंडिक्ट. स्पेलिंगमध्ये 'सी' आहे म्हणून.

शुभांगी_यूके

'सटल' मध्ये 'बी' म्हणायचा नाही, 'रिसीट' मध्ये 'पी' नाही. यावर उपाय एकच, नवा शब्द वहीत जायच्या आधी ऑनलाइन डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबायचं आणि दोनदा मोठ्याने म्हणायचं. आघात कुठे येतो ते पण ऐकायचं. 'फोटोग्राफ' मध्ये पहिल्यावर, 'फटॉग्रफी' मध्ये दुसऱ्यावर. बीबीसी लर्निंग इंग्लिशचं सिक्स मिनिट इंग्लिश ऐका, दर भागात सहा शब्द असतात आणि शेवटी परत म्हणून दाखवतात. भांडी घासता घासता होतं.

मृण्मयी_एल

किती सुंदर प्रतिसाद आलेत, सगळ्यांना खूप खूप धन्स! आठ-दहा नामांची पानं सुरू केली, यादीवर खुणा पण केल्या. पण मूळ प्रश्नावर परत येते. हे सगळं लिहिताना हाताशी कसं येणार? वहीत आहे, कार्डावर आहे, पण रिपोर्ट लिहिताना वही उघडून बसत नाही ना आपण.

मिरजेचे_मास्तर

यासाठी एक जुना व्यायाम आहे, बेंजामिन फ्रँकलिनचा. पोरवयात छापखान्यात काम करत होता, शाळा फारशी झाली नव्हती. त्याला एका इंग्रजी नियतकालिकातले निबंध आवडले. प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचे, मग मूळ न बघता त्या टिपणांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. तेव्हा त्याला जाणवलं की आपल्याकडे शब्दांचा साठा कमी आहे आणि ते चटकन सुचतही नाहीत, तुम्ही म्हणताय तेच. म्हणून तो काही गोष्टी पद्यात लिहायला लागला, कारण वृत्तात आणि यमकात बसवायला वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या ध्वनीचे शब्द शोधावे लागतात. हे त्याने आत्मचरित्रात सांगितलंय.

तुम्ही कविता करू नका, पहिला भाग करा. एखाद्या चांगल्या लेखाचा एकच परिच्छेद घ्या, मराठीत टिपणं काढा, दोन दिवसांनी त्यावरून इंग्रजीत लिहा आणि मूळ शेजारी ठेवा. जिथे तुम्ही 'व्हेरी बॅड' लिहिलं तिथे मूळ लेखकाने काय लिहिलं ते ठळक दिसतं. तो शब्द मग विसरत नाही, कारण आधी तुम्हाला त्याची गरज भासलेली असते.

आणि तुमच्या रिपोर्टचा एखादा तुकडा इथे टाका बघू, कंपनीचं नाव-आकडे काढून.

मृण्मयी_एल

हा घ्या: "देअर इज अ बिग इंक्रीज इन कस्टमर कम्प्लेंट्स इन द लास्ट क्वार्टर. द मेन प्रॉब्लेम इज द न्यू सप्लायर. द क्वालिटी ऑफ रबर सील इज व्हेरी बॅड. वी हॅव टू टेक इम्पॉर्टंट ॲक्शन."

मिरजेचे_मास्तर

व्याकरण जवळजवळ ठीक आहे. मी असं लिहीन: "कस्टमर कम्प्लेंट्स रोझ शार्पली लास्ट क्वार्टर. मोस्ट ऑफ देम स्टेम फ्रॉम द रबर सील्स सप्लाइड बाय अवर न्यू व्हेंडर, विच फॉल शॉर्ट ऑफ द अग्रीड स्पेसिफिकेशन. प्रॉम्प्ट करेक्टिव्ह ॲक्शन इज नीडेड."

बघा, 'बिग इंक्रीज' हे नाम होतं त्याचं क्रियापद झालं, 'रोझ', आणि त्याचा सोबती 'शार्पली'. 'व्हेरी बॅड' हे मत आहे, 'फॉल शॉर्ट ऑफ द स्पेसिफिकेशन' हे मोजता येतं, सप्लायरला वाद घालता येत नाही. रोझ, शार्पली, स्टेम, शॉर्ट, प्रॉम्प्ट यातला तुम्हाला न येणारा शब्द कोणता?

मृण्मयी_एल

एकही नाही!

केदार_के

मी असतो तर 'मोस्ट ऑफ देम स्टेम फ्रॉम' ऐवजी 'आर ॲट्रिब्युटेबल टू' लिहिलं असतं. रिपोर्ट आहे, थोडं औपचारिक चालेल.

शुभांगी_यूके

दोन्ही चालतील, स्टेम वाचायला हलकं आहे. पण 'इज नीडेड' मोघम वाटतं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत?

मृण्मयी_एल

मग शेवटचं वाक्य असं चालेल का: "वी हॅव आस्क्ड द व्हेंडर टू सबमिट अ करेक्टिव्ह ॲक्शन प्लॅन बाय फ्रायडे, अँड विल होल्ड ऑफ ऑन फर्दर ऑर्डर्स अंटिल द सील्स मीट द स्पेसिफिकेशन."

मिरजेचे_मास्तर

चालेल काय, माझ्या वाक्यापेक्षा चांगलं आहे. 'होल्ड ऑफ ऑन' आणि 'मीट द स्पेसिफिकेशन' दोन्ही तुमचं तुम्हाला सुचलं. सप्लायरला थेट पत्र लिहाल तेव्हा 'होल्ड ऑफ' ऐवजी 'सस्पेंड' घ्या, वकीलसाहेब म्हणाले तो थर बदला.

वऱ्हाडी_वकील

आणि सोबत 'विदाउट प्रेज्युडिस' (आपले कायदेशीर हक्क राखून) टाकायचं असंन तर आधी मले विचारा.

रेवती_ना

मी पण माझ्या प्रोजेक्टचा एक परिच्छेद टाकू का उद्या? शाळेच्या वार्षिक अहवालातला आहे, त्यात 'इम्पॉर्टंट' सात वेळा आलंय.

शुभांगी_यूके

टाक की. आणि मास्तरांच्या आधी आपण बदलून बघायचं हां सगळ्यांनी.